नऊ नंबरवरचा रुमाल

आईने माझ्याशी बोलणं सोडलं ते एका हिरव्या चौकोनामुळे. तो चौकोन मीच काढला होता, चांगला मन लावून, कोपरे गोल करून. त्यामुळे दोष दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नव्हती, आणि ती सोय नसली की माझं डोकं फार लवकर तापतं.

पहिल्यापासून सांगते. माझी आई लंकाबाई सातपूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. आम्ही राहतो घोटीला. कारखान्याची बस पहाटे इगतपुरीहून निघते, पावणेसहाला घोटीला येते आणि सातच्या पाळीला माणसं गेटवर उतरवते. जागा चाळीस, माणसं सत्तेचाळीस. इगतपुरीचे वीस जण आधी चढतात आणि सगळे उजवीकडे बसतात. डावी बाजू घोटीकरांची. हे कुठे लिहिलेलं नाही, पण डावीकडे बसलेला इगतपुरीकर अजून कुणी पाहिलेला नाही. आता डावीकडे जागा वीस आणि आम्ही घोटीकर सत्तावीस, म्हणजे सात जणांनी सातपूरपर्यंत उभं राहायचं. ते सात कोण, हे ठरतं रुमालावर.

बस थांब्याला लागता लागता लोक खिडक्यांतून रुमाल टाकतात. ज्याचा रुमाल ज्या सीटवर पडला ती त्याची. नेम नऊवर होता आणि पडला दहावर, तर मुकाट दहावर बसायचं. मधल्या वाटेत पडला तर उभं राहायचं. उचलून पुन्हा टाकायचा नाही, आणि बसल्यावर खालचा रुमाल काढला की जागा मोकळी झाली असं समजायचं. या सगळ्या कायद्याचे न्यायाधीश म्हणजे लेथवर काम करणारे इगतपुरीचे झुंबरतात्या. त्यांनी एकदा 'पडला' म्हटलं की पडला.

आईचा रुमाल एकोणीस वर्षं नऊ नंबरवर पडतोय. डावीकडची तिसरी खिडकी. एकदा उजव्या हाताला प्लॅस्टर होतं, तेव्हा तिने डाव्या हाताने टाकला, तरी नऊवरच. आईला गाडी लागते, खिडकीशिवाय तिचं चालत नाही, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत. मी स्वतः बसच्या वाटेला जात नाही. मला बस आवडत नाही, का ते मी कधी स्वतःला विचारलं नाही. मी स्कूटीवरून सातपूरला जाते. तिथे एका वर्कशॉपच्या माडीवर मोबाइलची ॲप बनवणारं आमचं चार टेबलांचं ऑफिस आहे, आणि खाली दिवसभर पत्रा कापतात.

तर कारखान्यात अमोल सर नावाचे नवे एचआर मॅनेजर आले. त्यांनी एका सकाळी बसच्या खिडक्यांतून उडणारे सत्तावीस रुमाल पाहिले आणि त्यांच्या आधुनिक मनाला ते झेपलं नाही. सीट बुकिंगचं ॲप हवं, असं ते म्हणाले. काम आमच्याकडे आलं आणि मी हात वर केला. आईची बस, आईची खिडकी. आई संध्याकाळी घरबसल्या लेकीच्या ॲपवर बोट ठेवणार आणि पहाटे तोऱ्यात जाऊन बसणार. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला.

ॲप देखणं झालं होतं, हे मी आजही म्हणेन. स्क्रीनवर वरून पाहिलेली बस, डावीकडे दोन सीट, मध्ये वाट, उजवीकडे दोन. मोबाइल लहान असो की मोठा, चारही सीट एका ओळीत राहिल्या पाहिजेत म्हणून मी सीटची रुंदी स्क्रीनप्रमाणे आक्रसेल असं केलं होतं. सीटवर बोट ठेवलं की राखाडी चौकोन हिरवा व्हायचा. साधं, स्वच्छ, सुंदर.

पहिल्या संध्याकाळी आईने नऊवर बोट ठेवलं. हिरवं झालं. पहाटे ती लेकीवर विश्वास ठेवून, रुमाल कमरेलाच खोचून, आरामात चढली. नऊवर आमच्या घोटीचाच सोमनाथ बसला होता, कारण नऊवर सोमनाथचा रुमाल पडला होता. आई म्हणाली, "माझं हिरवं झालंय." सोमनाथ म्हणाला, "कुठं?" आणि सगळ्या बसने सीटकडे वाकून पाहिलं. सीट निळ्या रेक्झिनची होती. तात्यांनी निकाल दिला, आणि आई एकोणीस वर्षांत पहिल्यांदा सातपूरपर्यंत उभी गेली.

तेव्हापासून ती माझ्याशी बोलेना. ती कुकरशी बोलायची. "कुकरबाई, कुणाला भात वाढायचा का, इचारा." मी म्हणायची, वाढ. "कुकरबाई, त्यांना सांगा, हिरवा भात नाय आमच्याकडं." असं चार दिवस चाललं. चार दिवस कुकरच्या मध्यस्थीने जेवून बघा, मग कळेल.

त्यातच अमोल सरांचा फोन आला. ॲपवर आतापर्यंत एकूण बुकिंग किती, तर तीन. त्यातलं एक त्यांनी स्वतः तपासायला केलेलं. "सोमवारी मी इगतपुरीपासून बसमध्ये बसणार," ते म्हणाले. "लोक ॲपच्या यादीप्रमाणे बसलेले दिसले तर ठीक. नाही तर मंगळवारपासून रुमाल बंद, ॲप बंद, हजेरीच्या टोकन नंबरप्रमाणे कायमच्या जागा." मी विचारलं, अडतीस नंबरचं टोकन कुठे येईल? आईचं टोकन अडतीस. त्यांनी कागद चाळला आणि सांगितलं, सगळ्यात मागे, चाकावर. चाकावरची ती जागा म्हणजे खड्डा आला की डोकं टपाला टेकतं. तिथे आई, निवृत्तीपर्यंत, आणि तेही माझ्यामुळे. मी फोन ठेवला आणि खाली पत्रा कापणाऱ्यांवर विनाकारण ओरडून आले.

मग झुंबरतात्यांना गाठलं, कारखान्याच्या गेटसमोरच्या टपरीवर. विचारलं, तात्या, नक्की अडचण काय आहे?

"पोरी, हिरवं झालं ते पाह्यलं कुणी?" तात्या बशीत चहा ओतत म्हणाले. "तू तुझ्या घरी, ती तिच्या घरी. रुमाल पडताना सगळी गाडी बघती. पडला म्हंजी पडला."

"म्हणजे ॲपमध्ये रुमाल पडताना दिसायला पाहिजे? सगळ्यांना?"

"दिसला तर इचार करू."

मी त्याच दिवशी रुमाल केला. डावीकडून खिडकीतून आत येणारा, सीटवर पडणारा पांढरा रुमाल, आणि ज्याच्या ज्याच्या मोबाइलवर बस उघडी असेल त्या प्रत्येकाला तो दिसणार. दुसऱ्या दिवशी पुन्हा टपरी. तात्यांनी चष्मा लावला, सीटवर बोट ठेवलं. माझ्या धंद्यात असली हालचाल पाव सेकंदात संपवायची पद्धत आहे, लोकांना घाई असते म्हणून. तात्यांनी मान हलवली. "हा रुमाल नाय, दगड हाय." मी टपरीवरच लॅपटॉप उघडून वेळ दोन सेकंद केला. "आता पतंग झाला. हा पडंस्तोवर दुसरा बसून डुलकी काढील." टपरीवाल्यासकट सगळे जमले. कुणी म्हणालं, सुती रुमाल असा चपटा पडत नाही. कुणी म्हणालं, आमच्याकडे तर टॉवेल टाकतात, टॉवेलची सोय आहे का? सोमनाथला पिशवी हवी होती, कारण पिशवी दोन सीटवर पसरते. तात्यांनी पिशवी फेटाळली.

रुमाल कसा पडतो हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. शिकवू शकेल असं माणूस घरातच होतं आणि ते कुकरशी बोलत होतं. रविवारी सकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आतल्या बाजूला स्टूल ठेवलं, मोबाइल हळू चित्रीकरणावर लावला आणि आईचा रुमाल घेऊन अंगणातून टाकला. तो खिडकीच्या गजावर लटकला. पुन्हा टाकला, तो तुळशीवर गेला. आई ओट्याशी उभी राहून हे सगळं बघत होती. चौथ्या वेळी तिला राहवलं नाही.

"कुकरबाई, हिला सांगा, हे काय धुणं वाळत घालायचं नाय." ती अंगणात आली, माझ्या हातातून रुमाल घेतला, एका टोकाला बारीक गाठ मारली आणि टाकला. गाठ पुढे, रुमाल मागे. खिडकीतून आत जाताच तो उघडला, जरासा तरंगला, आणि स्टुलावर बसला. पडला नाही, बसला. आईने अकरा वेळा टाकला आणि अकराही वेळा स्टुलावर.

"मनगट बघ," ती म्हणाली. "हात नाय. मनगट."

आपण थेट बोललो हे लक्षात आल्यावर ती लगेच आत कुकरकडे गेली. पण मला बरं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं म्हटलं तरी चालेल.

मी दुपारपर्यंत बसून तो रुमाल हुबेहूब उतरवला. आधी वेगात, आत आल्यावर मंद, शेवटी एक छोटा उसासा टाकल्यासारखा खाली. आणि मग, कामाच्या भरात, मला आणखी एक सुचलं. खिडकीतून वारा येतो. वाऱ्याने रुमाल थोडा आतल्या बाजूला सरकला तर किती खरा वाटेल! मी डावीकडच्या रुमालांना तीस ठिपक्यांचा वारा घातला, म्हणजे स्क्रीनवर रुमाल तेवढे ठिपके आत सरकायचा. माझ्या मोबाइलवर तो इतका सुरेख दिसला की मी दहा वेळा पाहिला आणि ॲप सगळ्यांना पाठवून दिलं.

संध्याकाळी लोकांनी वेड्यासारखे रुमाल टाकले. टाकायचे, बघायचे, रद्द करायचे, पुन्हा टाकायचे. मोबाइलवर बुकिंग बंद होईपर्यंत सराव, शेवटचा रुमाल खरा, असं तात्यांनी ठरवून दिलं होतं. नवसाबाई, म्हणजे आईच्या शेजारी दहा नंबरवर बसणारी तिची मैत्रीण, हिने नातवंडांना दाखवायला चौदा वेळा टाकला. सात वाजता बुकिंग बंद झालं तेव्हा चाळीसच्या चाळीस जागा भरल्या होत्या. नऊ नंबरसमोर नाव होतं लंकाबाई. आई मात्र मोबाइल बाजूला ठेवून गप्प बसली होती. मला वाटलं, अजून रुसवा गेला नाही.

सोमवारी पहाटे मीही आईबरोबर थांब्यावर गेले. काखेत लॅपटॉप, मनात सत्काराची तयारी. बस आली. उजवीकडे इगतपुरीकर, पुढे ड्रायव्हर वाळूभाऊंच्या मागे यादी घेऊन उभे असलेले अमोल सर. घोटीकर शिस्तीत, मोबाइल हातात धरून, एकेक करून चढले आणि बसले.

मी चढले आणि खिडक्या मोजायला लागले. डावीकडच्या दहापैकी सात खिडक्या रिकाम्या होत्या. त्या खिडक्यांवाले वाटेकडच्या सीटवर बसले होते. आणि वाटेकडच्या सीटवाले वाटेत उभे होते, एकामागे एक, तक्रार न करता. आई दहावर बसली होती. तिच्या शेजारी नऊ नंबर रिकामा, आणि नवसाबाई दांडी धरून उभी.

"हे काय?" अमोल सर म्हणाले. "लंकाबाई, यादीत तुम्ही नऊवर आहात. सरका."

"माझा रुमाल दहावर पडलाय, साहेब."

"अहो, पण तुम्हाला नऊच हवी होती ना?"

"हवी व्हती. पडला नाय."

"नवसाबाई, तुम्ही तरी बसा!"

"माझा वाटंत पडला," नवसाबाई म्हणाली आणि मोबाइल दाखवला. रुमाल खरंच वाटेत पडला होता.

अमोल सरांनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी खेदाने मान हलवली. "वाटंत पडला म्हंजी उभं ऱ्हायचं. कायदा हाय."

मी आईचा मोबाइल ओढून घेतला आणि माझी चूक माझ्या थोबाडीत बसली. सीटची रुंदी मी स्क्रीनप्रमाणे आक्रसवली होती, वारा नव्हता आक्रसवला. माझ्या मोठ्या मोबाइलवर तीस ठिपके सरकलेला रुमाल सीटवरच राहत होता. आईच्या जुन्या छोट्या मोबाइलवर तेवढ्याच वाऱ्याने तो एक अख्खी सीट ओलांडत होता. यादीत नऊ, डोळ्यांना दहा. आणि ही माणसं डोळ्यांवर विश्वास ठेवणारी होती. तोच तर त्यांचा मुद्दा होता.

"झालं तर मग," अमोल सरांनी यादीची घडी घातली. "उद्यापासून टोकन नंबर."

"सर, सातपूर येईपर्यंत थांबा. एका ओळीचं काम आहे." मी काखेतला लॅपटॉप काढला. "प्लीज."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "सातपूरपर्यंत."

मी वाटेत उभी राहून एका हातावर लॅपटॉप तोलला. बस निघाली. अक्षरं नाचायला लागली. पाचच मिनिटांत माझ्या कपाळावर घाम आला, तोंडात पाणी सुटायला लागलं, आणि एक ओळ तीनदा वाचूनही डोक्यात शिरेना. मला वाटलं भीतीने होतंय. नेमका वाडीवऱ्ह्याचा उतार लागला.

"वाळूभाऊ, गाडी थांबीव," आई एकदम उठून म्हणाली.

गाडी थांबली. आई खाली उतरली. सगळी बस डावीकडे वळून बघायला लागली. तिने कमरेचा रुमाल काढला, टोकाला गाठ मारली, आणि बाहेरून तिसऱ्या खिडकीतून टाकला. उघडला, तरंगला, नऊवर बसला.

"पडला," तात्या म्हणाले.

आई वर आली आणि मला म्हणाली, "बस तिथं." थेट मला. कुकर घरी होता.

"आई, ती तुझी—"

"बस म्हणते ना!"

मी रुमालावर बसले. खिडकी उघडी होती, गार वारा तोंडावर आला आणि डोकं जरा ताळ्यावर आलं. वारा तीस ठिपक्यांचा नको, सीटच्या रुंदीच्या दहाव्या हिश्श्याचा हवा. तेवढंच. मी लिहिलं, तपासलं, पाठवलं, आणि ओरडले, "सगळ्यांनी ॲप बंद करून पुन्हा उघडा!"

सत्तेचाळीस मोबाइलवर एकदम रुमाल पडायला लागले. नवसाबाईचा दहावर पडला. सोमनाथचा तेरावर पडला. "पडला... पडला... ह्यो बी पडला," तात्या वाटेत फिरून एकेकाचा मोबाइल बघत निकाल देत होते, आणि घोटीकर उठून आपापल्या जागी सरकत होते. दोन मिनिटांत डावी बाजू भरली. अमोल सरांनी घडी उलगडली आणि पेनने खुणा करत मागपर्यंत जाऊन आले.

"जुळली," ते स्वतःशीच म्हणाले. "नऊवर मात्र तुम्ही कशा?"

"मोबाइलवरचा माझा पडलाय नऊवर," आई म्हणाली. "पर आधी खरा पडलाय तिचा. तिलाच बसू द्या." आई आता वाटेत उभी होती, कारण दहा नंबर नवसाबाईचा.

अमोल सरांनी थोडा विचार केला आणि नऊसमोरही खूण केली. "टोकन नंबरचं राहू द्या," ते म्हणाले. बसने टाळ्या वाजवल्या. मला उठून काही तरी बोलावंसं वाटलं. मी लॅपटॉप मिटला, तोंड उघडलं, आणि ते घाईघाईने खिडकीबाहेर काढावं लागलं. पुढे जे झालं ते लिहिण्यासारखं नाही, पण बराच वेळ झालं.

आईने मागून माझं कपाळ धरलं होतं. तिचा हात बरोबर जागेवर होता, सराईत.

"सॉरी आई," मी खिडकीच्या कडेवर डोकं टेकून म्हणाले. "खिडकी तुला पाहिजे होती. गाडी तुला लागते."

"मला?" आई म्हणाली. "मला कधी लागलीय गाडी?"

पलीकडून तात्या बोलले. "तू सात वर्षांची व्हतीस. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी कोण नसायचं म्हणून आई तुला संगं आणायची. रोज हितंच वकायचीस, वाडीवऱ्ह्याच्या पुढं. तवापास्नं ती ही खिडकी धरती."

मला त्यातलं काही आठवत नव्हतं. फक्त कपाळावरचा हात ओळखीचा वाटत होता. "पण त्यानंतर मी कधी चढलेच नाही बसमध्ये," मी म्हणाले. "एकोणीस वर्षं."

"चढली असतीस तर?" आई म्हणाली.

मग तिने माझ्याखालून रुमाल ओढून काढला, गाठ सोडली आणि माझं तोंड पुसलं.

रुमाल उचलला म्हणजे जागा मोकळी. वाटेत आईशिवाय सात घोटीकर उभे होते, आणि त्यातले दोघे तर अगदी नऊला खेटून. सगळ्यांनी ते पाहिलं आणि सगळ्यांनी झुंबरतात्यांकडे पाहिलं. तात्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला, आणि सातपूर येईपर्यंत पुसत बसले.